खिशातला कांदा

कौंडण्यपूरजवळच्या माहेराहून भावानं कांद्याचं पोतं पाठवलं की आमच्या घरी उन्हाळा लागतो, कॅलेंडर काही का म्हणेना. यंदाही लागला. ऑटोवाल्यानं पोतं जिन्यात टेकवलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या यांनी कुलरच्या जुन्या गवताच्या ताट्या काढून नव्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं. पहिला वारा आला तो ओल्या गवताचा वास घेऊन. हा वास आला की अमरावतीच्या आमच्या राजापेठेतली माणसं सैलावतात, पाय पसरतात, चहा मागतात. माझं मात्र डोकं फिरतं. मुक्ता नववीत होती तो उन्हाळा मला आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ वानखडे मॅडम आठवतात.

मुक्ता माझी मुलगी, एकुलती एक. मी ज्या शाळेत मराठी शिकवते त्याच शाळेत ती शिकली. वानखडे मॅडम तिच्या वर्गशिक्षिका, विज्ञान शिकवायच्या. आणि मला त्या बाईचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला म्हणू, वाटतो. वय झालं की हे सगळं निवतं असं लोक सांगतात. माझं काही अजून निवलेलं नाही.

तो उन्हाळा होळीच्या आधीच तापायला लागला होता. शाळा सकाळची झाली. पहाटे उठून डबे, मग मी आणि मुक्ता एका गाडीवर, दोघींच्या तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या, फक्त डोळे बाहेर. जाताना हवा गार लागायची, परतताना तोच रस्ता तव्यासारखा तापलेला असायचा. आमच्या शाळेच्या आवारात एक मोठा कडुनिंब आहे. त्या दिवसांत त्याचा पाला गळतो, तांबूस पालवी फुटते, बारीक पांढरा मोहर सुटतो आणि सगळ्या आवाराला कडू-गोड वास येतो. दरवर्षी तो गळलेला पाला मागच्या भिंतीशी गोळा करून पेटवायचे. धूर वर्गांत शिरायचा, मुलं खोकायची, आणि फळ्यावर लिहिता लिहिता मी म्हणायची, चला, परीक्षा आली. त्या वर्षी धूर आलाच नाही. वानखडे मॅडमनी पाला जाळू दिला नाही. भिंतीशी एक खड्डा करवून घेतला आणि पाला, डब्यातली उरलेली पोळी, फळांची सालं, पेन्सिलींचा भुसा, सगळं त्यात जायला लागलं. मुलांचा खोकला गेला हे चांगलंच झालं. पण माझी परीक्षेची खूण गेली, तिचं कुणालाच काही वाटलं नाही.

त्या आल्या होत्या अकोल्याहून. आल्या म्हणजे रोज यायच्या. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांचं घर. घरात म्हातारी आई, तिला एकटं टाकून अमरावतीत खोली करता येत नव्हती, म्हणून अपडाउन. पहाटेची गाडी, बडनेऱ्याला उतरून ऑटो, आणि शाळा सुटली की भर उन्हात तोच प्रवास उलटा. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. आणि बोलायच्या कशा, तर घरी बोलावं तशा शाळेत. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात पंखा गरगरताना दिसला की दारातून हाळी द्यायच्या, "काहून रे पोट्टेहो, हा पंखा कोनासाठी फिरून राहिला? भुताले गरम होऊन राहिलं का?" सगळा व्हरांडा खदखदून हसायचा. मी इतकी वर्षं पोरांच्या तोंडचं मले-तुले पुसून मला-तुला बसवण्यात घसा कोरडा केला, आणि ही बाई आमच्या आज्यांसारखी बोलून अख्खा वर्ग खिशात घालत होती.

त्यांनी एक रीत पाडली होती, तिचं नाव शेवटचा हात. वर्गातून जो सगळ्यांत शेवटी निघेल त्याचा हात आधी बटणावर जायचा, मग दाराच्या कडीवर. एवढंच. त्यात काही शोध लावला नव्हता. पण पोरांना त्या नावाची अशी गोडी लागली की शेवटी निघायला भांडणं व्हायची. सुट्टीची घंटा झाली तरी वर्गातून कोणी हलेना, प्रत्येकाला शेवटचा व्हायचं. पहिल्या आठवड्यात तर मधली सुट्टी अर्धी वर्गातच सरायची. हा मान बहुतेक वेळा मुक्ता पटकवायची, कारण ती हट्टाला माझ्यावर गेली आहे.

आता मला सांगा, मी तिला काय वेगळं सांगत होते? ती बाहुली घेऊन घरभर हिंडायची तेव्हापासून माझं एकच तुणतुणं, मुक्ते, पंखा बंद कर, मुक्ते, न्हाणीघरातला दिवा. या कानानं ऐकायची, त्या कानानं सोडायची. माझं सांगणं म्हणजे कटकट, त्यांचं सांगणं म्हणजे उपक्रम. तेच पानांचं. वर्ष संपलं की वह्यांतली कोरी पानं काढून, शिवून मी मुलांना कच्च्या कामाला वापरायला लावायची, किती वर्षं लावायची. शिक्षकांच्या खोलीत माझ्या पाठीमागे म्हणायचे, देशमुख बाई जरा चिकटच. वानखडे मॅडमनी तेच केलं, तर फलकावर त्यांचं नाव आणि मुख्याध्यापकांचं भाषण. मी केलं तर चिकटपणा, त्यांनी केलं तर पर्यावरण. हे मी तेव्हा तोंडावर बोलले नाही, पण डाळ घोटताना रवीला पुष्कळ ऐकवलं.

घरी तर त्यांचं राज्यच आलं. "मॅडम म्हणतात" या दोन शब्दांनी आमच्याकडे दिवस उजाडायचा. मॅडम म्हणतात, चार्जर भिंतीत लावून ठेवला की तो उगाच वीज खातो. मॅडम म्हणतात, फ्रीजचं दार उघडून विचार करत उभं राहायचं नाही, आधी विचार करायचा. मी पोळ्या लाटायला स्वयंपाकघरात जायची तर माझ्यामागे बैठकीतला पंखा बंद. परत यावं तर घाम. घरात माणसं तीन, आणि खोलीतून शेवटी निघायचा हक्क एकटीचा. आमच्या यांचं राजापेठेत झेरॉक्सचं दुकान आहे, शिकवणीची पोरं दिवसभर नोट्स काढायला येतात. मुक्तानं त्यांनाही सोडलं नाही. "बाबा, कागदाच्या दोन्ही अंगानं छापत जा." हे हसले, म्हणाले, "बाप्पा, ह्या मॅडमनं तर माहं दुकान अर्धं केलं." पण दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईकाला विचारायला लागले, दोन्ही अंगानं चालेल का. म्हणजे नवराही गेला.

शिक्षकांच्या खोलीत दोन कुलर होते. दोन्ही पूर्ण जोरात, दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, कारण गारवा बाहेर जाऊ नये हे आम्हा सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. आत आम्ही बसायचो चिकचिकत, पदरानं मान पुसत, उत्तरपत्रिका दमट होऊन पेनाची शाई फुटायची, तरी म्हणायचो, यंदा ऊन फार. एका दुपारी वानखडे मॅडम आल्या, एक कुलर बंद केला आणि समोरची खिडकी सताड उघडली. मी म्हटलं, "अहो, बाहेर आग ओकतेय." त्या म्हणाल्या, "ताई, हा कुलर हाये, एसी नाही. आतली दमट हवा जाईन तवा बाहेरची थंड होऊन येईन. कोंडली त घाम येईन नाही तर का होईन?" सगळे थांबून बघत राहिले. मला घाम यावा अशी त्या क्षणी माझी फार इच्छा होती. आला नाही. उलट थोड्या वेळानं मानेवरून असा काही सुका, गार वारा गेला की गणिताच्या बाईंना डुलकी लागली. तेव्हापासून आमच्या खोलीत एकच कुलर चालायला लागला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले.

हे सगळं मी सोसलं असतं. पंखे, कागद, कुलर, नेऊ देत काय न्यायचं ते. पण एक दिवस गोष्ट कांद्यावर आली.

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्याच्या खिशात कांदा असतो. पुण्याकडच्या लोकांना सांगितलं की हसतात. हसू देत. वैशाखात भर दुपारी अकोल्याच्या स्टेशनाबाहेर ऑटोची वाट बघत उभं राहून दाखवा आणि मग हसा. ऊन माणसाला लागायच्या आधी कांद्याला लागतं, अशी माझी आई म्हणायची. दिवसभर तो कांदा अंगावर बाळगायचा, आणि घरी आलं की भिंतीपलीकडे भिरकावून द्यायचा. घरात ठेवायचा नाही, खायचा तर नाहीच, त्यानं दिवसभराचं ऊन प्यालेलं असतं. आणि फेकायचाच म्हटल्यावर चांगला कांदा कोण देईल? भाऊ साठवणीतले जुने आणि वावरातले नवे कांदे एकाच पोत्यात भरतो. त्यातले टणक, पांढरेशुभ्र ते मी कढईसाठी ठेवायची. लहान, वाकडे, कोंब डोकावणारे ते खिशाचे.

माझ्यासाठी ती नुसती रीत नव्हती. मुक्ता पहिलीत असताना तिला ऊन लागलं होतं. शाळेतून आली ती भिंतीला धरून बसली, बोलेना. अंग असं तापलेलं की हात टेकवत नव्हता. दवाखान्यात सलाईनची नळी तिच्या एवढ्याशा हाताला लावलेली मी पाहिली आहे. कांदा होता का त्या दिवशी तिच्या खिशात? नव्हता. मी घाईत विसरले होते. कांद्यानं ऊन थांबतं का, हे मला विज्ञानवाल्यांनी शिकवू नये. त्या दिवशी कांदा नव्हता, मला तेवढं एकच माहीत आहे. त्यानंतर मी तिच्या प्रत्येक गणवेशाला मुद्दाम खोल खिसा शिवून घेतला, आणि होळीपासून मृगापर्यंत माझ्या हातानं त्यात कांदा टाकल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू दिला नाही.

त्या सकाळी मी नेहमीसारखी कांदा घेऊन दारात उभी राहिले, तर तिनं खिशावर हात ठेवला.

"आई, तू रोज एक कांदा फेकतेस."

"फेकते. मग?"

"म्हणजे रोज एक कांदा वाया. पूर्ण उन्हाळाभर. मॅडम म्हणतात, फेकण्याआधी एकदा विचार करायचा."

माझ्या अंगाची लाही झाली. शाळेत मोजूनमापून बोलणारी मी, तोंडातून निघालं ते निघालं, "तुह्या मॅडमले सांग, तुले ऊन लागलं तवा दवाखान्यात त्या नोयत्या बसल्या."

तिनं कांदा माझ्या हातातून घेतला, चपलांच्या फळीवर ठेवला, हळूच, गडगडू नये असा, आणि खाली जाऊन गाडीजवळ उभी राहिली. तिनं आपटला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्या दिवशी शाळेत मी सातवीला काय शिकवलं मला सांगता यायचं नाही. माझ्या पोरीला माझी भीती नको, माझा कांदा नको, माझं काहीच नको, एवढंच डोक्यात घोळत होतं. जी बाई तिला सहा महिने ओळखते तिच्या एका वाक्यापुढे माझा जन्म हलका ठरला होता.

पुढचे काही दिवस ती तशीच गेली, रिकाम्या खिशानं. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून मधल्या सुट्टीत तिच्यावर नजर ठेवायची. कडुनिंबाखाली तिच्या वर्गाचा घोळका असायचा, मध्ये वानखडे मॅडम, आणि मुक्ता त्यांना अगदी चिकटून. हसताना ती आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची, त्या हसल्या का ते. लहान असताना असं ती माझ्याकडे बघायची. घरी मी यांच्याजवळ रडले. हे म्हणाले, "अवं, नाही घेत त नाही घेत. कांद्यानं का ऊन थांबते?" मी म्हटलं, "मंग तुमची माय काहून ठेवे तुमच्या खिशात?" यावर ते झेरॉक्सच्या मशीनची शाई संपली म्हणून दुकानात निघून गेले.

आणि एक दिवस, मी डबा भरत असताना, मुक्ता मागे येऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला. "दे."

"काय?"

"कांदा दे न."

मी पोत्यात हात घातला. माझ्या बोटांना घाई झाली होती. एक कोंब आलेला, बोराएवढा कांदा हाती लागला, तो तिच्या खिशात टाकला, आणि वरून खिसा थोपटला. त्या दिवशी मी कणीक मळताना गुणगुणत होते, हे मला यांनी नंतर सांगितलं. जिंकले होते ना मी. रक्त ते रक्त, मॅडम किती दिवसांच्या. दुपारी आल्यावर सवयीनं विचारलं, "कांदा कुठाय?" म्हणाली, "शाळेतच टाकला." म्हटलं, ठीक, खिशात गेला हेच पुष्कळ, भिरकावण्याचीही मेहनत वाचली. मग रोज ती हात पुढे करायची, रोज मी द्यायची, आणि रोज ती तो शाळेतच टाकून यायची. मी तिला वरचेवर शिऱ्याचा घास भरवायला लागले. वानखडे मॅडमशी व्हरांड्यात गाठ पडली तर मी आपण होऊन हसायची, दिलदारपणानं, जिंकलेला माणूस हसतो तशी.

पण ती बाई मला जिंकल्यासारखं फार दिवस राहू देईल तर ना. परीक्षा जवळ आली तेव्हा मागच्या भिंतीशी, कडुनिंबाच्या सावलीत, खड्ड्यातल्या खताचा एक वाफा तयार झाला होता, आणि त्यात हिरवी पात उभी राहिली होती. कांद्याची पात, ओळीनं, ताठ. त्या वाळलेल्या, पांढऱ्या पडलेल्या दिवसांत आवारात तेवढंच हिरवं. शाळा सुटली की नववीची पोरं रांगेत यायची आणि बाटलीत उरलेलं पाणी, जे एरवी गेटाबाहेर एकमेकांच्या अंगावर उडवायची, ते त्या वाफ्यात ओतायची. घोटभर याचं, घोटभर तिचं. ऊन अंगावर घेऊन निघायच्या आधी वानखडे मॅडम तिथं वाकून एकेका पातीला बोटानं सरळ करायच्या. पालक सभेला आलेल्या आया वाफ्याभोवती जमल्या. मुख्याध्यापक ज्याला त्याला तिकडेच न्यायला लागले. शाळेत कोणीही पाहुणा आला की आधी वाफा, मग चहा.

मला तो वाफा खुपायचा. इतका की मी त्याच्याशेजारच्या नळावर जायचंच सोडलं. सगळी शाळा वाहवा करत होती, आणि मी घरून दोन बाटल्या पाणी आणत होते. एकदा खोलीत, त्या ऐकतील इतक्या आवाजात मी म्हटलंही, "शाळा आहे की भाजीबाजार?" त्या हसल्या. "भाजीबाजारच हाये ताई, अन् तो बी फुकटचा." हा त्यांचा आणखी एक दोष, टोमणा लागायचाच नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मला नळावर जावंच लागलं. वाफ्याशी वानखडे मॅडम आणि मुक्ता होत्या. मुक्ता पात खुडत होती, मॅडम ती ओल्या फडक्यात ठेवत होत्या. मी मान वळवून निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"ताई, थांबा न जरा. तुमच्या माहेरचा कांदा मोठा गुणाचा निंगाला. एक बी वाया नाही गेला."

"माझ्या माहेरचा?"

"मंग काय. हे सारे तुमचेच कांदे."

मी वाफ्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. पाणी ओतून ओतून वरची माती सरकली होती आणि पातींच्या बुडाशी कांद्यांचे खांदे उघडे पडले होते. एक वाकडा. एक चपटा. एक जुळा, ज्याच्यावर विळीचा ओरखडा मीच पाडला होता. ओळखणार नाही तर काय? पोत्यातून मीच एकेक निवडून काढले होते, टाकायचे म्हणून.

वानखडे मॅडम सांगत होत्या आणि मी ऐकत होते. मुक्ता त्यांच्याकडे म्हणे फुशारकीनं सांगत गेली, की मी आता आईचा कांदा घेत नाही, वाया जातो. "मी म्हनलं, येडी हाये का तू? आईनं हातात देल्लेला कांदा नाही म्हन्ते? आधी घे. दिवसभर खिशात ठेव, तिचा जीव थाऱ्यावर राहीन. अन् फेकाचं जिवावर येत असंन त फेकतं काहून, निंगताना इथंच लाव." असं म्हणून त्या हसल्या आणि पातीवरची माती झटकली. मुक्ता खाली मान घालून खुडतच राहिली.

लोकांना वाटेल, इथं माझे डोळे भरून आले असतील. आले, पण कशानं ते ऐका. ज्या दिवशी मी जिंकले म्हणून गुणगुणत कणीक मळत होते, त्या दिवशीसुद्धा माझा कांदा माझ्या पोरीच्या खिशात गेला होता तो त्या बाईच्या सांगण्यावरून. महिनाभर मी जळत होते ती माझ्याच कांद्यांवर. आणि माझ्या कांद्यांना कोंब फुटले, पात आली, वाहवा झाली, ती सगळी त्यांच्या वाफ्यात. आता या बाईचा राग तरी कुठून धरायचा? राग धरायला काहीतरी वाईट लागतं. त्यांनी माझा जीव थाऱ्यावर ठेवला होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

बरं, एवढ्यावरही भागलं नाही. मुक्तानं ती ओल्या फडक्यातली जुडी नीट बांधली आणि माझ्यादेखत वानखडे मॅडमच्या पिशवीत ठेवली. "मॅडम, आजीसाठी. झुणका करा." पहिली जुडी. सबंध वाफ्याची पहिली जुडी माझ्यासमोरून अकोल्याला गेली.

घरी जाताना राजापेठेच्या चौकात सिग्नल लागला. आजूबाजूला गाड्यांची गर्दी, गरम धूर, सगळ्या बायांची तोंडं ओढणीत गुंडाळलेली. मुक्तानं मागून हात लांबवून आमच्या गाडीची चावी फिरवली, इंजिन बंद केलं. ही त्यांचीच शिकवण, सिग्नलला गाडी बंद ठेवायची. त्या शांततेत माझ्याच्यानं राहवलं नाही.

"माहेच कांदे," मी म्हटलं, "अन् पहिली पात अकोल्याले?"

मागून तिचा आवाज आला, ओढणीतून दबलेला. "तुहेच तर होते न, आई. तुहं तुलेच काय द्याचं?"

माझ्या पुस्तकी मराठीत वाढलेली पोर, वऱ्हाडीत बोलली. तोंड दिसत नव्हतं. ती हसत होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न द्यायला लागले, आणि मला गाडी सुरू करावी लागली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. वाफा अजून आहे, दर उन्हाळ्यात नववीची नवी पोरं त्यात काहीबाही लावतात. शेवटचा हात अजून आहे, फक्त तो वानखडे मॅडमनी सुरू केला हे आता कुणाला माहीत नाही, आणि मीही आपण होऊन सांगत नाही. त्या स्वतः अकोल्याच्या शाळेत गेल्या, अपडाउन सुटलं. आणि मुक्ता? मुक्ता पुढच्या शिक्षणाला गेली तीही अकोल्यालाच. वसतिगृहात राहते, पण रविवारचं जेवण जुन्या शहरात, मॅडमकडे. फोनवर सांगते, आज मॅडमनी भरीत केलं होतं. मी म्हणते, वा. भरीत मीही करते, पण ते तिला कधी फोन करून कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

घरात आता आम्ही दोघंच. खोलीतून शेवटी निघायला कोणी भांडत नाही. मीच मागे राहते, बटण दाबते, पंख्याची पाती थांबेपर्यंत बघते, मग दार ओढते. यांनी एकदा पाहिलं, तेव्हापासून ते माझ्याआधी बाहेर पडतात.

यंदाचं पोतं आलं त्या दिवशी मुक्ताचा फोन आला. "आई, मामाचे कांदे आले का? पाठव न थोडे. कोंब आलेलेच पाठव, टणक नको. टणक उगवायला फार दिवस घेतात."

"लावणार कुठं? वसतिगृहात?"

"मॅडमच्या अंगणात. वाफा केला आम्ही."

मी फोन ठेवला आणि पोत्यापाशी बसले. माझे कांदे आता माझ्या शाळेतही नाही, थेट त्या बाईच्या अंगणात उगवणार. मग तिच्यासाठी एकेक निवडून काढला, लहान, वाकडा, कोंब डोकावणारा, अगदी पूर्वीसारखा. पिशवी भरली. तोंड बांधता बांधता थांबले. वानखडे मॅडमची आई मागच्या पावसाळ्यात गेली. अकोल्याचं ऊन, त्या अजून पायीच शाळेत जातात म्हणे, आणि आता सकाळी दारात उभं राहून त्यांच्या खिशात काही टाकणारं घरात कोणी नाही.

पोत्यात पुन्हा हात घातला आणि एक त्यांच्या खिशासाठी काढला. पांढराशुभ्र, टणक, कढईसाठी राखलेला. लावला तरी लवकर उगवायचा नाही असा, नीट चाचपून घेतला.